झवेरी बाजारातलं भिंग, रानफुलांसाठी

पावसाळ्यात रानफुलं ओळखायला निघणाऱ्याने कॅमेऱ्याच्या आधी हे भिंग घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. झवेरी बाजारात सोनारांची हत्यारं विकणारी दुकानं आहेत. तिथे हिरे पारखायचं घडीचं भिंग मिळतं, तेच हे. मला सहाशे रुपयांना पडलं. दहापट मोठं दाखवतं आणि आत तीन काचा एकत्र चिकटवलेल्या असल्यामुळे कडेला रंगीत झालर दिसत नाही. '३० पट' छापलेलं स्वस्तातलं भिंग मात्र घेऊ नका. पट वाढली की फूल काचेच्या अगदी जवळ आणावं लागतं, आणि वाऱ्यावर हलणारा दांडा तेवढा स्थिर राहत नाही.

खरा कस लागतो तो जमिनीतल्या कांद्यातून दरवर्षी नव्याने वर येणाऱ्या फुलांत. पॅन्क्रॅशियम या अशाच एका पांढऱ्या रानफुलाचा फोटो टाकला की मोबाइल 'स्पायडर लिली' सांगून मोकळा होतो. त्यालाही कारण आहे. दोन्हींत पुंकेसरांचे तंतू खाली पातळ पडद्याने जोडलेले असतात आणि त्यांची वाटी होते. (त्यांच्याच गोतातल्या गडांबी कांद्याचे तंतू सुटे असतात, तो लगेच वेगळा काढता येतो.) पण रस्त्याच्या दुभाजकांवर लावतात ती स्पायडर लिली मूळची अमेरिकेतली, आणि पॅन्क्रॅशियम आपल्या मातीतलं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

दोघांना वेगळं ओळखायची खूण दिसते अंडाशयात, म्हणजे फुलाच्या ज्या भागात बी धरते तिथे. सोसायटीतल्या स्पायडर लिलीचं सुकत आलेलं फूल घ्या, पाकळ्यांच्या नळीखालचा हिरवा फुगीर भाग ब्लेडने उभा चिरा आणि भिंग अगदी डोळ्याशी धरून फूल हळूहळू जवळ आणा. प्रत्येक कप्प्यात मोजकीच बीजांडं, म्हणजे पुढे ज्यांची बी होते ते दाणे, दिसतील. पॅन्क्रॅशियममध्ये ती पुष्कळ, दाटीने ओळीत बसलेली असतात. राष्ट्रीय उद्यानात अर्थातच काही तोडायचं नाही. तिथे बी धरेपर्यंत धीर धरावा. पॅन्क्रॅशियमची बी काळी, स्पायडर लिलीची हिरवी आणि मांसल.

या भिंगातून मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो लेडेबुरियाने, तेही कांद्यातूनच उगवणारं रानफूल. पानांवर जांभळे ठिपके आणि वर मळकट हिरवा तुरा, म्हणून लोक त्याच्यावरून सरळ चालत जातात. भिंगातून पाहिलं की मागे वळलेल्या पाकळ्या आणि जांभळे तंतू दिसतात आणि जीव हरखतो. अंडाशय इथे फुलाच्या खाली नसतो, आत मधोमध असतो. म्हणजे हा रानकांद्याच्या गोतातला, अंडाशय फुलाखाली असणाऱ्या गडांबी-पॅन्क्रॅशियमच्या नव्हे. एवढं कळायला कांदा उकरावा लागत नाही, याचं मला फार समाधान आहे.

उणीव एकच, मुंबईचा पाऊस याला सोसत नाही. स्क्रूला गंज धरतो, काचेवर बुरशी येते. घरी आल्यावर मऊ सुती कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. गळ्यात अडकवायची दोरी सोबत मिळत नाही, ती आधीच बांधून घ्या; गवतात पडलेलं भिंग सापडणं कठीण.