अंतर्गत दुव्यांची पीडीएफ: ब्राउझरची छपाई की वीझीप्रिंट?

एचटीएमएलमधून पीडीएफ तयार करायची आहे आणि तिच्यातली अनुक्रमणिका, ‘पाहा: प्रकरण ४’ यांसारखे संदर्भ आणि तळटिपा क्लिक करता आल्या पाहिजेत, अशी गरज असेल तर निवड बहुधा दोन मार्गांपैकी एकाची असते. क्रोमियमसारखा ब्राउझर खिडकी न उघडता चालवून त्याच्याकडून छपाई करून घेणे हा पहिला मार्ग, तर कागदी मांडणीसाठीच लिहिलेल्या वीझीप्रिंट या इंजिनाकडे काम सोपवणे हा दुसरा. जुन्या प्रकल्पांत डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ अजून दिसते, पण त्याचा कोडसाठा २०२३ मध्ये संग्रहित करण्यात आला असून ते बऱ्याच जुन्या वेबकिट या ब्राउझर-इंजिनावर उभे आहे, त्यामुळे नवे काम त्यावर सुरू करू नये असे मला वाटते. मी दोन्ही मार्गांनी बराच काळ अहवाल आणि पुस्तिका काढल्या आहेत. पुढील मजकूर त्या अनुभवावर आधारलेला आहे. मोजमाप करून काढलेला निष्कर्ष म्हणून तो वाचू नये.

सगळे सुरळीत असेल तर दोन्हींच्या फलितात फरक जाणवत नाही. पीडीएफमधील दुवा म्हणजे पानावर आखलेली एक अदृश्य चौकट असते. ती क्लिक केल्यावर याच दस्तऐवजातील एखाद्या ठिकाणी जायचे की बाहेरच्या पत्त्यावर, एवढेच तिच्यात नोंदलेले असते. दुवा बिघडला की प्रथम हीच नोंद तपासावी. क्यूपीडीएफ या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनाच्या क्यूडीएफ मोडमधून फाइल काढली तर ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बऱ्यापैकी वाचता येते, आणि दुव्याची चौकट मुळातच नाही, की आहे पण अंतर्गत लक्ष्याऐवजी बाहेरच्या पत्त्याची (‘यूआरआय’ प्रकारची) झाली आहे, हे लगेच कळते. यूआरआय निघाली तर कारण बहुतेक वेळा एचटीएमएल ज्या साच्यातून बनते त्या टेम्प्लेटमध्ये सापडते. टेम्प्लेट ‘#’ च्या आधी संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता लिहिते, छपाई मात्र तात्पुरत्या फाइलवरून होते. दोन पत्ते जुळत नाहीत आणि अंतर्गत दुवा बाहेरचा ठरतो. हा दोष दोन्ही मार्गांत सारखाच येतो आणि ‘#’ पासून सुरू होणारा दुवा लिहिला की सुटतो.

वीझीप्रिंटच्या बाजूने माझा कौल ज्या त्रासाने ठरला तो वेगळा होता. संपादनात एखादा विभाग वगळला जातो किंवा त्याचा आयडी (दुवा ज्याच्या आधारे तिथे पोहोचतो ते नाव) बदलतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा दुवा दुसऱ्याच प्रकरणात तसाच राहून जातो. ब्राउझर अशा दुव्याची चौकट पीडीएफमध्ये घालत नाही आणि त्याबद्दल काही सांगतही नाही. मजकूर निळाच राहतो, अधोरेखाही राहते, त्यामुळे पान डोळ्यांखालून घालणाऱ्याला काही खटकत नाही. क्लिक करून पाहणाऱ्यालाच तो निर्जीव असल्याचे कळते. हा ब्राउझरचा दोष आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वेबपानावर लक्ष्य नसलेला ‘#’ दुवा ही चूक मानली जात नाही, आणि पान दाखवणे हेच ज्याचे काम आहे त्याने तक्रार का करावी? परंतु पीडीएफ एकदा पाठवली की ती आपल्या हाताबाहेर जाते आणि वेबपानासारखी मागाहून दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत हे मौन महागात पडते. शेकडो संदर्भ असलेल्या दस्तऐवजात प्रत्येक दुवा हाताने तपासणे मला तरी कधीच नीट जमले नाही, आणि जमले असते तरी पुढच्या आवृत्तीला तेच काम पुन्हा करावे लागले असते.

वीझीप्रिंट अशा वेळी बोलते. दुव्याला त्याचा अँकर, म्हणजे लक्ष्याचा आयडी, सापडला नाही तर लॉगमध्ये (कामाच्या नोंदीत) त्या अँकरच्या नावासह त्रुटीची ओळ येते. पीडीएफ तरीही तयार होते आणि मेलेला दुवा तिथेही गाळलाच जातो, पण काय गाळले गेले ते नावानिशी समजते. ती ओळ दिसताच बिल्ड, म्हणजे पीडीएफ बनवण्याची प्रक्रिया, थांबवणारी छोटी स्क्रिप्ट मी लिहून ठेवली आहे. तेव्हापासून क्लिक करून पाहण्याचे काम मी निवडक ठिकाणांपुरतेच ठेवले आहे. छपाईच्या स्टाइलशीटने लपवलेल्या भागात लक्ष्य असेल, तेव्हाही याच सवयीचा उपयोग होतो. सोर्समध्ये आयडी दिसतो, पडद्यावर दुवा चालतो, पण पानावर त्या घटकाला जागाच मिळालेली नसते. अशा दुव्याचे कारण ब्राउझरच्या मार्गात शोधायला वेळ लागतो. इथे ते पहिल्याच बिल्डमध्ये नावासह पुढे येते.

मराठी मजकुराच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. मार्कडाउन या साध्या लेखनपद्धतीतून एचटीएमएल करताना मथळ्यांचे आयडी आपोआप तयार होतात आणि तिथे देवनागरीची बरीच आबाळ होते. हे रूपांतर करणाऱ्या पायथन-मार्कडाउन या लायब्ररीची मूळ रीत रोमन नसलेली अक्षरे गाळून टाकते, म्हणून पूर्ण मराठी मथळ्यांना केवळ क्रमांकाचे आयडी मिळतात. युनिकोडची रीत निवडली तर मूळ अक्षरे राहतात, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही चिन्हे पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरातले नमुने ओळखणाऱ्या नियमांच्या) लेखी शब्दाचा भाग नसल्यामुळे गळून पडतात. ‘काल’ या मथळ्याचा आयडी ‘कल’ होतो. अनुक्रमणिका त्याच आयडींवरून बनत असल्याने ती व्यवस्थित चालते, आणि ‘#काल’ असा हाताने लिहिलेला दुवा मात्र चालत नाही. ‘अनुक्रमणिका चालते, मजकुरातले दुवे चालत नाहीत’ अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हेच पाहतो. वीझीप्रिंट इथे ‘काल’ हा अँकर नाही असे स्पष्ट सांगते. क्रमांकाच्या आयडींबाबत मात्र त्याच्यावरही विसंबू नये: मध्येच एक मथळा वाढला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, दुव्याला लक्ष्य मिळते, पण ते भलतेच असते, आणि अशी चूक कोणतेच साधन ओळखू शकत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या मथळ्याला स्वतःच छोटा, न बदलणारा आयडी द्यावा. तो मथळ्याच्या शब्दांवर अवलंबून नसावा.

दुसरे कारण लहान आहे, पण माझ्यासाठी मोलाचे ठरले. ‘पाहा: पृष्ठ ३७’ असा पृष्ठांक दुव्याशेजारी आपोआप छापायचा असेल तर वीझीप्रिंटला सीएसएस या मांडणीच्या भाषेतले टार्गेट-काउंटर (लक्ष्याचा पृष्ठांक देणारी सोय) कळते. क्रोमियमला ते स्वतःहून कळत नाही. पेज्ड-जेएससारखी लायब्ररी जोडून काम भागवता येते. कागदावर छापून वाचणाऱ्याला दुव्याचा काहीच उपयोग नसतो, त्याला हा आकडाच लागतो.

ब्राउझरची बाजूही न्यायाने मांडायला हवी. वीझीप्रिंट जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे आलेख किंवा तक्ते स्क्रिप्टने रेखाटले जात असतील तर त्या जागा रिकाम्या राहतात, आणि मग ब्राउझरच घ्यावा. लांबलचक तक्त्यांच्या दस्तऐवजात वीझीप्रिंट संथ होते असा माझा अनुभव आहे, आणि आधुनिक मांडणीच्या काही करामती ब्राउझरमध्ये अधिक खात्रीने उतरतात. ब्राउझरच घेणे भाग असेल तर छपाईआधी एचटीएमएलमधील प्रत्येक ‘#’ दुव्याला आयडी आहे का हे तपासणारी स्क्रिप्ट जोडावी. मी ती जोडून पाहिली आहे आणि ती कामाची आहे, पण लपवलेल्या भागातले लक्ष्य तिच्या हाती लागत नाही.

लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण या बाबतीत सर्वांत स्पष्ट बोलणारे साधन तेच आहे: संदर्भाचे लेबल सापडले नाही तर लॉगमध्ये इशारा येतोच, शिवाय छापलेल्या पानावर दोन प्रश्नचिन्हे उमटतात. गणिती मजकूर असेल तर दुवे बनवणाऱ्या हायपररेफ या पॅकेजसह लाटेकच घ्यावे. ज्यांचा मजकूर आधीच एचटीएमएलमध्ये आहे, त्यांना केवळ दुव्यांसाठी तिकडे जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

मार्ग कोणताही घेतला तरी पुढची पायरी सांभाळावी लागते. प्रकरणे वेगवेगळी छापून नंतर जोडली तर एका प्रकरणातून दुसऱ्यात जाणारे दुवे अंतर्गत राहत नाहीत. म्हणून आधी एकच एचटीएमएल करावे आणि मग छापावे. मुखपृष्ठ वेगळ्या फाइलमधून येत असेल तर क्यूपीडीएफने जोडताना मुख्य दस्तऐवज प्राथमिक फाइल म्हणून द्यावा आणि मुखपृष्ठाची पाने त्याच्या आधी घ्यावीत. अनुक्रम उलटा झाला तर प्राथमिक फाइल मुखपृष्ठाची ठरते, आणि बुकमार्क व नाव दिलेली लक्ष्ये यांसारखी दस्तऐवजाच्या पातळीवरची माहिती प्राथमिक फाइलमधूनच घेतली जात असल्याने मुख्य मजकुराची माहिती मागे राहते. ही पायरी वीझीप्रिंटच्या लॉगनंतर येते, म्हणून जोडलेल्या अंतिम फाइलमधले काही दुवे, विशेषतः शेवटच्या प्रकरणातले, मी आजही हाताने क्लिक करून पाहतो.