पडवीचा पत्रा, १४ महिन्यांनंतर: गेज राहू दे, आधी स्क्रू मोजा

छपराच्या पत्र्याची जाडी (गेज) ०.४५ मिलिमीटर घ्यावी की ०.५०, कलर कोटेड पत्रा कुठल्या कंपनीचा, यावर आधीच भरपूर चर्चा झालीये, ती परत करत नाही. मला लिहायचंय ते स्क्रूबद्दल. कारण गेल्या रविवारी शिडीवर चढून पडवीच्या कडेचे स्क्रू एक-एक करून मोजले आणि ठरलं होतं त्याच्या निम्मेच निघाले.

घर दापोली तालुक्यात, समुद्र दीडेक किलोमीटरवर, चिऱ्याच्या भिंती. निसर्ग वादळ आलं तेव्हा (३ जून २०२०) आम्ही डोंबिवलीत अडकलेलो, गावात लाइट नाही, नेटवर्क नाही, चार दिवसांनी आत्याचा फोन लागला आणि पहिलं वाक्य, "पडवी गेली रे, पण देव्हारा शाबूत आहे." नंतर जाऊन बघतो तर पत्रा शेजाऱ्यांच्या पोफळीच्या वाडीत पालथा पडलेला, आणि गंमत म्हणजे त्याचा एकही स्क्रू सुटलेला नाही! पत्रा पाइपाला घट्ट धरून. पाइप मात्र भिंतीवर नुसता टेकवून वर दोन घमेली सिमेंट मारलेलं. सगळा सांगाडाच पतंगासारखा उडाला. आणि मी तो पत्रा घेताना दुकानात तासभर गेजवरून भांडलो होतो.

इंजिनिअर भाच्याने कागदावर हिशोब करून दाखवला तेव्हा डोकं चाललं. वाऱ्याचा वेग मीटर-सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.६ ने गुणायचं, की दर चौरस मीटरवर किती न्यूटन ते कळतं. ताशी १२० किलोमीटर म्हणजे चौरस मीटरला साधारण ६८ किलोचा जोर. आमची पडवी २८ चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन टन, तेसुद्धा वरच्या दिशेने, कारण पडवीत खालून वारा शिरतो आणि वरून छप्पर ओढलं जातं. पत्रा-पाइपांचं सगळं वजन तीनशे किलोही नसेल. त्यावर आम्ही चार चिरे ठेवून निवांत झोपायचो.

त्यामुळे एप्रिल २०२४ ला पत्रेवाल्याकडून नवीन काम करून घेतलं. भिंतीच्या माथ्यावर आरसीसीचा पट्टा, त्यात ओतलेले अँकर बोल्ट, बोल्टला बेस प्लेट, तिच्यावर पाइप, पाइपावर पर्लिन (पत्रा ज्यावर स्क्रूने बसतो त्या आडव्या पट्ट्या), पर्लिनवर पत्रा. एक जरी सांधा कच्चा राहिला तर बाकीचे फुकट. मुख्य छप्पर दोनपाखी कौलारू होतं, तेही वाऱ्यासाठी चौपाखी पत्र्याचं केलं (खर्च वाढला, बायकोने अजून माफ केलेलं नाही). पडवीचं छप्पर मुद्दाम वेगळं ठेवलं, म्हणजे गेलीच पडवी तर घराचं छप्पर सोबत घेऊन जाणार नाही. हा भाग झकास झालाय, इथे पैसे वसूल.

आवाजाचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. पावसात माजघरात बोललेलं ऐकू येत नाही, कौलांखाली असं कधीच व्हायचं नाही. आत्या टीव्हीचा आवाज ४० वर ठेवते आणि मग शेजारी वैतागतात. एक गळतीही निघाली. पत्रेवाल्याकडच्या पोराने ड्रिल मशीन दाबून स्क्रू इतका आवळला की वॉशरचं रबर बाहेर आलं. रबर जरासं दबलं की थांबायचं असतं. समुद्राची हवा, त्यामुळे साध्या झिंकच्या स्क्रूंची डोकी आठ महिन्यांत तांबूस झाली, ते बदलून घ्यायला सहा फोन.

आता मुद्द्याचं. कडेला आणि कोपऱ्यात वाऱ्याची ओढ मधल्या भागाच्या दीड-दोन पट असते, म्हणून ठरलं होतं की कडेच्या पर्लिनवर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मध्ये एक सोडून एक. पत्रेवाल्याने सगळीकडेच एक सोडून एक मारलेत. विचारलं तर म्हणतो, "काका, एवढे स्क्रू मारले तर पत्र्याची चाळण होईल." अरे बाबा, एक स्क्रू वॉशरसकट सहा रुपये. वाचवलेस किती, चारशे?

फोनवर त्याला १९७४ च्या नाताळची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात डार्विन शहर ट्रेसी वादळाने झोपवलं, तिथे नंतर बऱ्याच घरांत दिसलं की स्क्रू जागेवर, पर्लिन जागेवर, पत्रा तेवढा गायब. झोतागणिक पत्रा वरखाली होत स्क्रूच्या डोक्याभोवती चिरत गेला, तार सारखी वाकवून तोडतो ना तसा. म्हणजे वॉशर रुंद पाहिजे आणि स्क्रू जवळ-जवळ पाहिजेत. तो म्हणाला, "काका, ते ऑस्ट्रेलिया झालं."

एक कबूल करतो. २४ मे २०२५ ला रत्नागिरी-दापोलीच्या मध्ये ते डिप्रेशन (चक्रीवादळाहून सौम्य) किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रा हललासुद्धा नाही आणि मी फॅमिली ग्रुपवर पाच स्टार देऊन टाकले होते. मग भाच्याने परत कागद काढला. ताशी ५० च्या वाऱ्यात चौरस मीटरला जेमतेम १२ किलो. बांधकामाच्या कोडमध्ये (छप्पर किती वाऱ्यासाठी बांधायचं ते ठरवणारे नियम) आमच्या किनाऱ्याला ३९ मीटर-सेकंद धरलाय, म्हणजे ताशी १४०, म्हणजे ९३ किलो. पेपर आठवा हिस्साच सुटलाय म्हणायचा. पाचाचे साडेतीन केले.

आणि हो, वादळात "दाब निघून जाईल" म्हणून वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडू नका. आत शिरलेला वारा छपराला आतून ढकलतो. आत्याला हे पटत नाही, तिने निसर्गच्या वेळीही उघडली होती.

पत्रेवाल्याचे शेवटचे तीन हजार मी अजून दिलेले नाहीत. रुंद वॉशरवाले स्क्रू मीच खेडच्या दुकानातून आणून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत, शनिवारी येतो म्हणालाय. कुठला शनिवार ते बोलला नाही.