बोट, ट्रेलर आणि गाडी : एका अपघातानंतर दोन विमा कंपन्यांच्या सेवेचा अनुभव

दरवर्षी पावसाळा सरला की आमची सतरा फुटी फायबरची बोट ट्रेलरवर चढवून, कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली या वाटेने मी मालवणजवळच्या देवबागला नेतो आणि मे महिन्यात समुद्र खवळण्याआधी परत आणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कसालहून मालवणकडे वळल्यानंतर उतारावरच्या एका वळणावर समोरून आलेल्या टेम्पोने आमची बाजू व्यापली. मी ब्रेक दाबला, आणि मागच्या पावणेआठशे किलोंच्या रेट्याने ट्रेलर आडवा फिरून रस्त्याकडेच्या जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आदळला व कलंडला. टेम्पो थांबला नाही. गाडीत आम्ही तिघे होतो. कोणालाही इजा झाली नाही, ही त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट. गाडीचा मागचा दरवाजा व बंपर आत गेला, ट्रेलरचा दांडा वाकला, बोटीचा उजवा तळ जवळपास चार फूट चिरला आणि बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या चाळीस हॉर्सपॉवरच्या आउटबोर्ड इंजिनाचा खालचा गिअरचा भाग पंख्यासकट फुटला.

अपघात एक असला तरी विम्याच्या दृष्टीने ती तीन वेगवेगळी नुकसाने होती, आणि पुढचे तीन महिने मी जे अनुभवले त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे. गाडीची पॉलिसी एका कंपनीची, बोटीची दुसरीची. ट्रेलरची आरटीओमध्ये स्वतंत्र नोंदणी आहे आणि गाडीच्या पॉलिसीत जादा हप्ता भरून मी त्याचा समावेश करून घेतला होता. या समावेशाला विमा व्यवसायात ‘आयएमटी ३०’ म्हणतात. त्याच्या मजकुरात एक छोटे वाक्य आहे : ट्रेलर या शब्दात त्यातील किंवा त्यावरील वस्तूंचा समावेश होणार नाही. म्हणजे ट्रेलरची भरपाई मिळेल, पण ज्या बोटीसाठी तो ट्रेलर घेतला, तिची त्या पॉलिसीतून एक रुपयाही मिळणार नाही. हे वाक्य मी पॉलिसी घेताना वाचले होते, म्हणूनच बोटीच्या पॉलिसीत रस्त्यावरील वाहतुकीची जोखीम वेगळी मागून घेतली होती. ज्यांनी ती घेतलेली नसते, त्यांची बोट पाण्यात असताना सुरक्षित आणि डांबरी रस्त्यावर असताना पूर्णपणे उघडी असते, आणि बहुतेकांना हे अपघातानंतरच कळते.

गाडीच्या कंपनीबद्दल मला मुख्यतः चांगलेच लिहायचे आहे. सुरुवात मात्र गोंधळाची झाली. टोल-फ्री क्रमांकावर मी सांगितले की मागे बोट टोचन करून नेत असताना अपघात झाला आहे. पलीकडच्या मुलीने ‘टोचन’ एवढाच शब्द पकडला आणि बंद पडलेली गाडी ओढून नेण्याची मदत हवी आहे असे समजून तशी नोंद केली. अर्ध्या तासाने क्रेनवाल्याचा फोन आला तेव्हा क्लेमची नोंदच झालेली नाही हे उघड झाले. दुसऱ्यांदा फोन करून मी गाडीचा आणि ट्रेलरचा नोंदणी क्रमांक वेगवेगळा सांगितला, क्लेम क्रमांक लिहून घेतला आणि तो संदेशाने मागवला. त्यानंतर सारे सुरळीत झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर कणकवलीच्या गॅरेजमध्ये हजर होते. त्यांनी गाडीपेक्षा जोडणी अधिक बारकाईने पाहिली : हुक कोणी बसवला, सेफ्टी चेन होती का, ट्रेलरचे दिवे चालू होते का, टायर किती झिजले होते, आणि एकूण वजन गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेत होते का. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे वजनकाट्याची पावती होती. निघण्याआधी बोट, इंजिन आणि ट्रेलर एकत्र तोलून घेण्याची मला सवय आहे, आणि शंभर रुपयांच्या त्या कागदाने एक मोठा वाद सुरू होण्याआधीच मिटवला.

पुढे कंपनीचे एक पत्र आले. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. तेव्हा ही बोट कोणाची, ती व्यवसायासाठी चालली होती का, असा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क आहे असे मला वाटते, कारण किनाऱ्यावर पर्यटकांसाठी चालणाऱ्या बोटीही अशाच ट्रेलरवरून जातात. मी बोटीच्या नोंदणीची प्रत आणि ती केवळ घरच्या वापरासाठी आहे असे प्रतिज्ञापत्र दिले. परवान्याचीही विचारणा झाली, पण ती रेटली गेली नाही. वाहनाला ट्रेलर जोडला म्हणून चालकाचा परवाना निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ट्रॅक्टरच्या एका प्रकरणात २००१ मध्येच म्हटले आहे, आणि सर्व्हेअरना ते ठाऊक होते. गाडीच्या दुरुस्तीचे ८४,६०० रुपये झाले. माझे कव्हर शून्य घसाऱ्याचे होते, म्हणजे भागांच्या झिजेपोटी भरपाईत कपात नव्हती, त्यामुळे पंधराशे सीसीवरील गाडीला लागू असलेली दोन हजारांची सक्तीची वजावट (जी रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते) सोडता बाकी रक्कम कंपनीने गॅरेजला परस्पर दिली. शून्य घसारा नसता तर प्लास्टिकच्या बंपरची निम्मी किंमत माझ्या खिशातून गेली असती. ट्रेलरला ते कव्हर लागू नव्हते, म्हणून त्याच्या सुट्या भागांवर घसारा कापला गेला. ते पॉलिसीत लिहिलेलेच होते. अपघातापासून चोविसाव्या दिवशी गाडी घरी आली. या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन.

गडग्याबद्दल थोडे सांगायला हवे. तो गडगा एका वृद्ध बागायतदारांच्या आंब्याच्या कलमांच्या बागेचा होता. खासगी गाडीच्या पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते, पण ते मिळवण्याचा रीतसर मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. दगड आणि गवंड्याची मजुरी धरून चौदा हजारांच्या नुकसानीसाठी त्या काकांना जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, खेपा घालायला लावणे मला पटले नाही. मात्र विमा कंपनीला न विचारता स्वतः जबाबदारी मान्य करणे किंवा पैसे देणे हा पॉलिसीच्या अटींचा भंग ठरतो, म्हणून मी आधी कंपनीला ई-मेल केला, या रकमेची मागणी तुमच्याकडे करणार नाही असे लिहून दिले, त्यांची लेखी संमती घेतली आणि मग पैसे दिले. काकांनी पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही केली होती आणि आम्हाला दुपारभर सावलीत बसवून पेज दिली होती.

बोटीच्या विमा कंपनीचा अनुभव मात्र मला व्यथित करणारा होता, आणि हे परीक्षण लिहिण्याचे खरे कारणही तोच आहे. पहिल्या दिवशी मला सांगण्यात आले की अपघात रस्त्यावरचा असल्याने क्लेम मोटार विमा कंपनीकडे करावा. मोटार कंपनीचे म्हणणे, बोट ही ट्रेलरवरील वस्तू, तेव्हा ती आमची नाही. मोटार कंपनीचे म्हणणे पॉलिसीच्या शब्दांना धरून होते. बोटीच्या कंपनीचे नव्हते, कारण तिच्याच पॉलिसीत रस्त्यावरील वाहतुकीचे कलम छापलेले होते. ते पान छायाचित्र काढून पाठवल्यावरच नोंद झाली. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा असतो, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायचा असतो आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. आमचा सर्व्हेअर चौथ्या दिवशी नेमला गेला आणि अहवालाला एक्केचाळीस दिवस लागले.

तोपर्यंत बोट जागेवर ठेवणे शक्यच नव्हते. रस्ता मोकळा करण्यासाठी पोलिसांच्या समक्ष संध्याकाळीच क्रेनने ती उचलली होती. नुकसान क्रेनने उचलताना झाले असावे, असे सुचवणारा एक प्रश्न त्यामुळे नंतर माझ्यापुढे ठेवण्यात आला. सुदैवाने बोट हलवण्याआधी आम्ही छायाचित्रे घेतली होती, ज्यांत तळाची चीर, फुटलेला पंखा आणि अजून ताणलेले बांधणीचे पट्टे एकाच चौकटीत दिसत होते. पट्टे दिसणे महत्त्वाचे होते, कारण बोट नीट बांधलेली होती हे त्यावरून सिद्ध झाले.

गोव्यातील दुरुस्ती कारखान्याने, ज्यांच्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, २,३८,००० रुपयांचा अंदाज दिला : तळाच्या फायबरसाठी ९२,०००, इंजिनासाठी १,१८,००० आणि जेलकोटच्या, म्हणजे फायबरवरच्या संरक्षक थराच्या, रंगकामासाठी २८,०००. कंपनीने पहिल्या पत्रात फक्त फायबरचा खर्च मान्य केला. इंजिन नाकारताना ‘आउटबोर्ड इंजिन निखळून पडल्यास’ भरपाई नाही हे कलम दाखवले. आमचे इंजिन निखळले नव्हते. ते बोल्टसकट जागेवर होते आणि बोट कलंडल्यामुळे दगडावर आपटले होते, हे छायाचित्रात आणि त्यांच्याच सर्व्हेअरच्या अहवालात स्पष्ट होते. रंगकाम नाकारताना वाहतुकीत पडणारे ओरखडे वगळणारे कलम पुढे केले. हे कलम खरे आहे, पण चिरलेल्या भागावर नवे फायबर चढवल्यानंतर त्यावर जेलकोट द्यावाच लागतो, नाहीतर थरांत पाणी मुरते. तो दुरुस्तीचा भाग आहे, ओरखड्याचा नव्हे.

मी अहवालाची प्रत मागितली, जी पॉलिसीधारकाला मिळायलाच हवी, आणि दोन पानांचे उत्तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवले. प्रत्येक मुद्द्याखाली पॉलिसीतील कलम, अहवालातील ओळ आणि छायाचित्राचा क्रमांक दिला. सोबतच नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. ज्यांना संगणकाची सवय नाही त्यांना १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. महिन्याभरात समाधान न झाल्यास मी विमा लोकपालाकडे जाईन, असे उत्तराच्या शेवटी लिहिले होते. कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग पुण्याच्या लोकपालांकडे येतात. तिथे वकील लागत नाही, शुल्क नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे ऐकली जातात. ती वेळ आली नाही. अकराव्या दिवशी एका वरिष्ठ बाईंचा फोन आला, त्यांनी कागद खरोखर वाचले होते, आणि इंजिनाचा पूर्ण खर्च तसेच दुरुस्त भागापुरते जेलकोटचे ११,००० रुपये मान्य झाले. पंधरा हजारांची वजावट जाऊन २,०६,००० रुपये मिळाले. उरलेले सतरा हजारांचे रंगकाम खरोखरच ओरखड्यांचे होते आणि ते न मिळाल्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

त्या बाईंनी पाऊण तासात जे केले, ते पहिल्या आठवड्यात करता आले असते, हे मात्र मला अजूनही बोचते. हंगामाचा संपूर्ण पूर्वार्ध बोट कारखान्यात उभी राहिली, कारण मंजुरीआधी काम सुरू केले असते तर नुकसान तपासता आले नाही असे म्हणायला कंपनीला जागा मिळाली असती. या सेवेला पाचपैकी दोन गुण, आणि तेही शेवटच्या फोनमुळे.

नूतनीकरणाच्या वेळी मी बोटीची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली. हप्ता थोडा अधिक आहे, परंतु वाहतुकीच्या कलमात ट्रेलरचा नोंदणी क्रमांक, ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक आणि चढवता-उतरवताना होणारे नुकसान या तिन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून घेतल्या आहेत. जानेवारीच्या अखेरीस बोट पुन्हा देवबागला पोहोचली. जाताना त्या बागेपाशी थांबलो, तेव्हा गडगा पूर्ण बांधून झाला होता.