त्रिशूरमध्ये आठ महिने केरळ सरकारची लॉटरी घेतल्यावर

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी वडील त्रिशूरला आले आणि मी इथंच वाढलो. पण लॉटरीचं तिकीट आयुष्यात पहिल्यांदा घेतलं ते जून 2025 मध्ये. केरळच्या लॉटरीचा अभ्यास करायला महाराष्ट्र सरकारनं समिती नेमल्याची बातमी विट्याच्या मामांनी पाठवली आणि विचारलं, "तू तिथंच आहेस, सरळ चालतं का रं ते?" मला सांगता येईना. त्या आठवड्यापासून मंगळवारी 'स्त्री शक्ती' आणि शनिवारी 'कारुण्य' अशी दोन तिकिटं घ्यायची, आणि प्रत्येक तिकीट वहीत मांडायचं ठरवलं.

जानेवारीअखेर 34 आठवड्यांची 68 तिकिटं झाली. 50 रुपयांप्रमाणे 3,400, शिवाय ओणम बंपरमधला (सणाची मोठ्या बक्षिसाची खास सोडत) माझा वाटा 100, म्हणजे एकूण 3,500 रुपये गेले. परत आले 700: दोनदा 100 आणि एकदा 500. पैसे मिळवायला म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये, हे मामांना पहिल्या फोनलाच सांगितलं.

पण मामांचा प्रश्न वेगळा होता. सरळ चालतं का? माझा अनुभव असा, की हो, चालतं.

नोव्हेंबरमध्ये कामासाठी तिरुवनंतपुरमला गेलो होतो, तेव्हा बेकरी जंक्शनजवळच्या गोर्की भवनात जाऊन बसलो. रोज दुपारी 3 वाजता सोडत असते आणि कुणीही जाऊन पाहू शकतं. समोर आकडे फिरवणारं यंत्र, बाजूला पंच मंडळी. एकेक आकडा थांबतो, मोठ्यानं वाचला जातो, लिहिला जातो. वरची बक्षिसं मालिकेची अक्षरं आणि पुढचे सहा आकडे जुळले तर मिळतात. 5,000 आणि त्याखालची शेवटच्या चार आकड्यांवर. मी गेलो त्या दिवशी माझ्याकडं तिकीट नव्हतं, तरी मान उंचावून बघत होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ चिठोऱ्यावर आकडे उतरवून घेत होते. यंत्र थांबल्यावर त्यांनी चिठोरी नीट घडी करून खिशात ठेवली.

1998 च्या लॉटरी नियमन कायद्यात लिहिलेलंच इथं चालताना दिसतं. सोडत राज्यानंच काढायची, तीही राज्याच्या हद्दीत. विक्रीचा पैसा सरकारी खात्यात जायला हवा. तिकिटावर राज्याचं बोधचिन्ह हवं. बंपर वर्षाला सहापेक्षा जास्त नकोत. केरळ बरोबर सहा काढतं: ख्रिसमस-नववर्ष, समर, विषू, मान्सून, तिरुवोणम आणि पूजा. इथं लॉटरी फक्त कागदी आहे. गावाकडच्यांनी हे नीट ऐकावं, कारण आमच्याच एका नातेवाइकाला 'केरळ लॉटरी लागली' असा मेसेज आला आणि 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली त्याचे काही हजार गेले. केरळ सरकार ऑनलाइन तिकीट विकत नाही, टपालानंही पाठवत नाही. तिकीट केरळात येऊन हातानं घ्यावं लागतं.

बक्षीस घ्यायचं कसं? 5,000 पर्यंत राज्यातल्या कुठल्याही लॉटरी दुकानात. त्यापुढं बँक किंवा सरकारी लॉटरी कार्यालय, ओळखपत्रासह आणि 30 दिवसांच्या आत. घेतल्या घेतल्या तिकिटाच्या मागं नाव-पत्ता लिहून सही करा. मोठ्या बक्षिसातून आधी एजंटाचं 10 टक्के कमिशन जातं, मग 30 टक्के कर. 2022 पासून ओणम बंपरचं पहिलं बक्षीस 25 कोटी आहे. त्यातून हे दोन्ही वजा जाता उरतात साधारण पावणेसोळा कोटी.

आता तिकीटवाल्या चेचीबद्दल (मल्याळममध्ये चेची म्हणजे ताई), कारण माझ्या वहीत आकड्यांइतकीच पानं तिच्याबद्दल आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती पाटीवर तिकिटं लावून बसते. लहानपणापासून एक पाय अधू. सकाळी तिची आरोळी ऐकू येते: "नाळेयाणु, नाळेयाणु!" म्हणजे उद्याच आहे, उद्याच आहे. इथं असे अपंग, वयस्कर विक्रेते ठिकठिकाणी दिसतात. त्यांच्यासाठी सरकारी कल्याण मंडळ आहे. चेची त्याची सभासद आहे आणि ओणमला तिला भत्ता मिळतो. ऑगस्टमध्ये एका माणसानं तिकिटावरच्या 3 चा 8 करून तिच्याकडून 1,000 रुपये नेले. ती भरपाई तिनं पदरची केली. तेव्हापासून प्रत्येक तिकीट फोनवर विभागाच्या ॲपमध्ये तपासल्याशिवाय ती पैसे देत नाही, मलाही नाही. माझे 500 देतानासुद्धा तिनं आधी स्कॅन केलं. मला बरंच वाटलं.

22 सप्टेंबरला लॉटरीवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. तिकीट 50 रुपयांनाच राहिलं, पण बक्षिसांच्या रकमेला आणि विक्रेत्यांच्या कमिशनला कात्री लागली. ओणम बंपरची सोडतही 27 सप्टेंबरवरून 4 ऑक्टोबरवर गेली. 500 रुपयांचं ते तिकीट आम्ही दुकानातल्या पाच जणांनी मिळून घेतलं होतं. आमची गंमत आठवडाभर लांबली, एवढंच. चेचीचं मात्र रोजचं उत्पन्न कमी झालं, तेही तितकीच तिकिटं विकून. हे मला पटलेलं नाही. वर्षाला 12,000 कोटींच्या आसपास विक्री ज्यांच्या पायांवर उभी आहे, त्यांच्या कमिशनला सगळ्यात शेवटी हात लावायला हवा होता.

1967 मध्ये अर्थमंत्री पी. के. कुंजू यांच्या काळात केरळची ही लॉटरी सुरू झाली, तेव्हा तिकीट 1 रुपयाचं होतं आणि पहिलं बक्षीस 50,000. पहिली सोडत 26 जानेवारी 1968 ला निघाली. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी 12 एप्रिल 1969 ची, म्हणजे फार मागून आलेली नाही. 'कारुण्य' लॉटरीच्या पैशातून कॅन्सर, हृदय आणि किडनीच्या गरीब रुग्णांना मदत सुरू झाली, ती के. एम. माणी अर्थमंत्री असताना. इथल्या माणसाला हे ठाऊक असतं. आमच्या दुकानातला पोऱ्या तिकीट हरल्यावर म्हणतो, "कुणाच्या तरी औषधाला गेले." पण हाच पोऱ्या महिन्याला हजारभर रुपयांची तिकिटं घेतो, ते बघून माझ्या पोटात कालवतं. त्याला मी वही दाखवली. आता तोही लिहितो.

फेब्रुवारीपासून मंगळवारचं तिकीट मी बंद केलंय. शनिवारचं 'कारुण्य' चालू आहे, चेचीकडूनच. मामांना कळवलंय की समितीतल्या कुणाची ओळख निघाली, तर त्यांना त्रिशूरला घेऊन या. आधी अर्धा दिवस चेचीच्या पाटीशेजारी बसू, मग तिरुवनंतपुरमची गाडी पकडू.