क्यूजीआयएस : एका नकाशावर दोन चलं

आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत क्षेत्रघनी नकाशा (आकड्यानुसार जिल्हे फिक्या-गडद छटांनी रंगवलेला) म्हणजे एकाच चलाचा, म्हणजे एकाच बदलत्या आकड्याचा, कारभार. साक्षरतेचा एक, लिंग गुणोत्तराचा दुसरा, आणि दोन्ही शेजारी ठेवून मान इकडून तिकडे वळवत बसायचं. मी कोल्हापुरात कॉलेजला भूगोल शिकवते. दोन्ही चलं एकाच नकाशावर आणायची असतील तर सरळ क्यूजीआयएस हा नकाशे काढायचा संगणक प्रोग्रॅम घ्या. मुक्तस्रोत आहे, २००२ पासून वाढत आलंय आणि फुकट आहे. लायसनच्या मंजुरीसाठी कुणाच्या केबिनबाहेर ताटकळावं लागत नाही, याचे गुण मी वेगळे देते.

२०११ च्या जनगणनेतली जिल्हावार साक्षरता आणि ० ते ६ वयोगटाचं लिंग गुणोत्तर घ्या. जिल्ह्यांचा लेयर (नकाशाचा थर) डुप्लिकेट करा. खालच्याला साक्षरतेसाठी निळ्या तीन छटा, वरच्याला गुणोत्तरासाठी गुलाबी तीन, वर्ग 'इक्वल काउंट'ने, म्हणजे प्रत्येक वर्गात साधारण सारखे जिल्हे. मग वरच्या लेयरचा ब्लेंडिंग मोड 'मल्टिप्लाय' करा, की छटा मिसळून नऊ रंग तयार. रंगपट्टी मात्र उलटी लावा : आकडा कमी तिथे रंग गडद. नाहीतर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली असलेला बीड जिल्हा फिक्कट पडतो आणि नजरेतून निसटतो.

नंदुरबार गडद निळं येतं. साक्षरता ६४.४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. पण मुली ९४४, राज्याची सरासरी ८९४ असताना. गडचिरोलीही त्याच रंगात, तिथे ९६१. आणि आमचं कोल्हापूर गुलाबीकडे झुकलेलं : साक्षरता ८१.५ टक्के, मुली ८६३. माणसं शिकली की सगळं आपोआप सुधारतं, हे परीक्षेच्या पेपरातलं लाडकं उत्तर या नकाशासमोर लिहून दाखवा म्हणावं. दोन वेगळ्या नकाशांत हीच माहिती असते, पण पोरांना ती दिसत नाही.

आता कटकटी. मूळ प्रोग्रॅममध्ये अशा नकाशासाठी वेगळं बटण नाही. प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) मिळतात, पण मी नऊ चौकोनांची सूची प्रिंट लेआउटमध्ये हातानेच मांडते, आणि ते काम रटाळ आहे. आकड्यांचं टेबल नकाशाला जोडताना जिल्ह्याच्या नावावर तर मुळीच विसंबू नका. उस्मानाबाद की धाराशिव, अहमदनगर की अहिल्यानगर, स्पेलिंगचे घोळ आणखी वेगळे. जनगणनेचे कोड वापरा. महाराष्ट्राचे ४९७ ते ५३१. सीमाही २०११ च्याच हव्यात. पालघर जिल्हा ठाण्यातून २०१४ मध्ये झाला, त्यामुळे नव्या सीमा घेतल्या तर तिथे भोक पडतं आणि ठाण्याचा आकडा अर्ध्याच ठाण्यावर चढतो.

तिसरं चल? लोकसंख्येनुसार लहानमोठी वर्तुळं टाकता येतात. विदर्भात छान दिसतात. मुंबई शहर, उपनगर आणि ठाणे एकमेकांच्या अंगावर चढतात. विभाजित वर्तुळंही (वाट्यानुसार फोडी पाडलेली) टाकता येतात. ही युक्ती जुनीच, फ्रान्सच्या शार्ल मिनार या नकाशाकाराने १८५८ मध्ये पॅरिसला जाणाऱ्या मांसाचा नकाशा अशाच वर्तुळांनी काढला होता. पण पस्तीस जिल्ह्यांवर पाच पाच फोडींची वर्तुळं वाचणार कोण? प्रोग्रॅम अडवत नाही, तुम्हीच थांबा.

आणि हो, प्रोजेक्टची प्रत ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्सला देणार असाल तर यातलं काही करू नका. नऊ रंगांचे चारपाच करडे होतात. रंगीत प्रिंट परवडत नसेल तर एक चल छटांनी आणि दुसरं वर्तुळांच्या आकाराने दाखवा.

डाउनलोड करताना लाँग टर्म रिलीज (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारं, स्थिर व्हर्जन) निवडा, नवंकोरं व्हर्जन नको. लॅबमधल्या जुन्या मशीनवर जिल्ह्यांचे नकाशे आरामात चालतात. गावपातळीच्या सीमा उघडल्या की चहा पिऊन या.