सुट्या तळाचे सहा टार्टसाचे : एका स्ट्रॉबेरी हंगामाचा अनुभव

डिसेंबर उजाडला की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतच्या रस्त्यावर स्ट्रॉबेरीचे डबे दिसू लागतात आणि मार्च सरेपर्यंत घरात फळ कमी पडत नाही. दूध-साखर घालून खाणे, मिल्कशेक, जॅम हे सगळे झाले, तरी ताज्या फळाचा मान राहील असा एखादा पदार्थ घरी नीट करता यावा, ही माझी जुनी इच्छा होती. म्हणून मागच्या हंगामाच्या सुरुवातीला एकेका माणसापुरते टार्ट, म्हणजे कस्टर्ड आणि फळ भरलेली खुसखुशीत पारीची वाटी, करण्याचे सहा साचे मी गावातल्या भांड्यांच्या दुकानातून ६४० रुपयांना विकत घेतले. डिसेंबर ते मे या काळात त्यांत निदान पंधरा वेळा टार्ट भाजून झाल्यावर मी हे लिहीत आहे. साचे घेण्याजोगे आहेत, असे माझे मत आहे. मात्र त्यांचे मोल त्यांच्या सुट्या तळात आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत ज्या काळ्या, पदार्थ न चिकटू देणाऱ्या लेपाची जाहिरात केली आहे, तो त्या मानाने दुय्यम आहे.

साचा दोन भागांचा आहे. एक झालरीसारख्या चुण्या असलेले कडे आणि त्यात वरून बसणारी सपाट चकती. खोक्यावर १० सेंटीमीटर असे माप दिले आहे, पण ते वरच्या काठाचे आहे; फूटपट्टी लावून पाहिल्यावर चकती साडेआठ सेंटीमीटर आणि खोली दोन सेंटीमीटर भरली. एका माणसाला जेवणानंतर हे माप अगदी बेताचे होते. पत्रा पोलादाचा आहे, हाताला जड लागतो आणि दोन बोटांनी दाबल्यावर वाकत नाही. दुकानदारांनी खोके उघडून प्रत्येक चकती काचेच्या गल्ल्यावर ठेवून पाहू दिली, हे चांगले झाले, कारण पहिल्या खोक्यातील एक चकती डुगडुगत होती आणि त्यांनी लगेच दुसरे खोके काढून दिले. असे साचे ऑनलाइन मागवणाऱ्यांना ही सोय मिळत नाही.

यापूर्वी मी ॲल्युमिनियमचे एकसंध साचे वापरत असे. ते स्वस्त असतात आणि उष्णता चांगली पोचवतात, परंतु भाजलेली पारी त्यातून काढताना उपडी करावी लागते. टार्टची पारी नानकटाईइतकीच खुसखुशीत असल्यामुळे उपडी करताना तिचा काठ हमखास तुटतो. सुट्या तळाच्या साच्यात ही भीती राहत नाही. पारी निवल्यावर साचा एका उपड्या वाटीवर ठेवायचा. कडे स्वतःच्याच वजनाने सुळकन खाली उतरते आणि चकतीवर चुणीदार काठाची पारी अखंड उभी राहते. उचलताना मात्र साचा नेहमी कड्याला धरूनच उचलावा. जानेवारीत मी घाईत एक साचा खालून, तळाला हात लावून उचलला. चकती वर आली, तापलेले कडे सरकून मनगटावर आले आणि त्याचा डाग दोन आठवडे राहिला. साचे नेहमी ओव्हनच्या ट्रेवर मांडून ट्रेच आत-बाहेर करावा. त्याने हात वाचतो, आणि फटीतून निथळणारे लोणी ओव्हनच्या दांड्यांवर सांडत नाही.

साचा कितीही चांगला असला, तरी पारीचे पीठ जमले नाही तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून पिठाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. सहा साच्यांना १८० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम मीठविरहित लोणी, ६० ग्रॅम पिठीसाखर आणि चमचाभर थंड दूध पुरते, म्हणजे साखर एक भाग, लोणी दोन भाग आणि मैदा तीन भाग. आपल्याकडे करंजीला किंवा शंकरपाळ्यांना मोहन कडकडीत घालतात. इथे उलट, लोणी फ्रीजमधले थंडगार हवे आणि ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळून बारीक रव्यासारखे करावे. मोहन पुरेसे झाले की नाही हे पाहण्याची आपली रीत मात्र इथेही लागू पडते. मुठीत दाबल्यावर मुटका वळला आणि टिकला, तर प्रमाण बरोबर आहे. लोण्याचा थर मैद्याच्या कणांवर बसतो, त्यांना पाणी कमी मिळते, त्यामुळे पिठात चिवटपणा येत नाही आणि पारी खुसखुशीत होते. पीठ पोळीच्या कणकेसारखे मळले, तर हा सगळा खटाटोप वाया जातो.

लोण्याऐवजी तूप चालेल का, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्याच दिवशी निघाला. पूर्वी दिवाळीत तूप, मैदा आणि साखर डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची, अशी पद्धत होती, आणि सासूबाईंना ती चव अजून आठवते. त्यांच्या आग्रहाने मी दोन साचे तुपाच्या पिठाचे केले. चव उत्तम होती, परंतु कडे उतरवताच पारीला तडे गेले. विकतच्या लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेला बहुतेक भाग पाण्याचा असतो. ते थोडेसे पाणीच मैद्याला धरून ठेवते. तुपात पाणी नसते, म्हणून तुपाची नानकटाई तोंडात विरघळते आणि तुपाची टार्टपारी फळाचा भार सोसत नाही. शेवटी तीन हिस्से लोणी आणि एक हिस्सा तूप यावर आमचे एकमत झाले.

पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे, साच्याला प्रत्येकी ५५ ते ६० ग्रॅमचा गोळा घेऊन लाटून बसवावा, चुण्यांत अंगठ्याने हलके दाबावा, काट्याने टोचे मारावेत आणि साचे पुन्हा वीस मिनिटे गार करावेत. ही दुसरी विश्रांती गाळली, तर काठ आक्रसून निम्म्यावर येतो. मार्चमधल्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात लोणी ओट्यावरच वितळू लागते, त्यामुळे तेव्हापासून मी हे काम सकाळी सातच्या आत उरकते. भाजताना आत बेकिंग पेपर घालून त्यावर कच्चा राजमा भरावा, म्हणजे तळ फुगत नाही; पंधरा मिनिटांनी राजमा काढून आणखी आठ-दहा मिनिटे भाजावे. (हा राजमा नंतर उसळीच्या उपयोगाचा राहत नाही, मी त्याची वेगळी बरणी केली आहे.) पाककृतींत तापमान बहुधा १८० अंश दिलेले असते. या साच्यांचा रंग काळा आहे आणि काळा पृष्ठभाग ओव्हनच्या दांड्यांची उष्णता अधिक शोषतो; १८० अंशांवर काठ करपला आणि मध्य पांढरा राहिला. १७० अंशांवर रंग सर्वत्र सारखा, बिस्किटी आला. साच्यांसोबतच्या पत्रकात याचा एक शब्दही नाही, ही मोठी उणीव आहे.

आत भरायला आमच्याकडे अंडे चालत नाही, त्यामुळे कस्टर्ड पावडर वापरतो. अंडे चालत नसलेल्या घराला हा पर्याय अगदी साजेसा आहे, कारण ही पावडर जन्मालाच त्या कारणाने आली. बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून त्यांनी १८३७ साली मक्याच्या पिठावर घट्ट होणारे कस्टर्ड तयार केले. ३०० मिलिलिटर दुधाला ३० ग्रॅम पावडर आणि ५० ग्रॅम साखर घेतल्यास सहा पाऱ्या भरतात. हे प्रमाण वाटीतून खायच्या कस्टर्डपेक्षा बरेच घट्ट आहे आणि तसेच हवे. उकळी फुटल्यावर मिनिटभर ढवळत शिजवले नाही, तर पिठाची कच्ची चव राहते. साय धरू नये म्हणून बटर पेपर कस्टर्डला चिकटून ठेवावा.

स्ट्रॉबेरी धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि आयत्या वेळी चिरावी, कारण चिरलेल्या फोडींवर साखर पडली की त्या पाणी सोडतात आणि पारी मऊ पडते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण एकाच नावाखाली येणाऱ्या जातींत पुष्कळ फरक असतो. लवकर येणारी स्वीट चार्ली गोड आणि नाजूक असते, तर कॅमारोसा घट्ट असते आणि तिच्या फोडी टार्टवर तासभर ताठ उभ्या राहतात. मी विक्रेत्याला विचारून कॅमारोसा घेते आणि आंबटपणा जास्त वाटला, तर जॅममध्ये थोडे पाणी घालून, गाळून, त्याचा पातळ हात फळावर फिरवते. पारीला आतून वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ थर दिला, तर सकाळी भरलेला टार्ट संध्याकाळीही कुरकुरीत लागतो. तासगावची द्राक्षे अर्धी चिरून लावली, तीही फार सुरेख दिसली.

आता दोष. काळा लेप तिसऱ्या महिन्यात दोन साच्यांच्या चुण्यांवर खरवडला गेला. तारेची घासणी मी एकदाही वापरली नव्हती. सुरीचे टोक दोनदा लागले असेल, तेवढेच. लेप निघाला तिथे पाणी राहिले की गंज धरतो, आणि कड्याच्या दुमडलेल्या काठात पाणी राहतेच. त्यामुळे धुतल्यावर साचे पुसून ओव्हनच्या उरलेल्या उबेत दहा मिनिटे ठेवावे लागतात. दुसरे म्हणजे, सहाही चकत्या एकाच मापाच्या म्हणून विकल्या जात असल्या, तरी केसभर फरक आहे. तिसऱ्या कड्याची चकती पाचव्यात घट्ट बसते आणि निघत नाही. मी कडी-चकत्यांच्या जोड्यांना खिळ्याने बारीक खुणा केल्या आहेत. निर्मात्याने हे कष्ट ग्राहकावर टाकायला नको होते.

ज्यांच्याकडे २५ लिटर किंवा त्याहून मोठा ओटीजी (विजेच्या दांड्यांचा ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे, त्यांनी सहाचा संच जरूर घ्यावा. लहान ओव्हनात एका वेळी चारच साचे मावतात आणि उरलेल्या दोघांसाठी पुन्हा तेवढीच वीज जाळावी लागते. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे धातूचे साचे मुळीच वापरू नयेत. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर (गरम हवेने भाजण्याच्या सोयीवर) वापरण्यापूर्वी आपल्या यंत्राची पुस्तिका वाचावी.

मे महिन्यात हापूसचेही टार्ट करून पाहिले. आंब्याच्या फोडी स्ट्रॉबेरीपेक्षा लवकर रस सोडतात, त्यामुळे पाऱ्या आदल्या दिवशी भाजून हवाबंद डब्यात ठेवल्या आणि पाने वाढल्यावर भरल्या. सासूबाईंनी स्वतः उपड्या वाटीवर एक कडे उतरवले, काठ कुठे तुटला नाही ना हे फिरवून पाहिले आणि मगच फोडी लावायला घेतल्या.