सावंतवाडीतला चैत्र: रात्री धयकालो, दिवसा गंजिफा

शिमगा उलटला म्हणून दशावतार, म्हणजे मालवणीतला धयकालो, हे इथलं रात्रीचं लोकनाट्य, संपत नाही. कार्तिकात सुरू झालेल्या जत्रा ओसरतात. पण चैत्र-वैशाखात देवळांचे वर्धापनदिन, रामनवमी, हनुमान जयंती, घरच्या सत्यनारायणाच्या पूजा यांच्या निमित्ताने सावंतवाडी-कुडाळ भागात प्रयोग लागत राहतात. देवळासमोरच्या प्रयोगाला तिकीट नसतं. आरतीचं ताट फिरतं, त्यात यथाशक्ती टाकायचं. बोर्डावर लिहिलेल्या वेळेत मात्र तासभर मिळवा.

सभागृहातला प्रयोग आणि देवळासमोरचा प्रयोग यांत निवड करायची तर डोळे झाकून देऊळ. सभागृहात अडीच-तीन तासांत सगळं बसवायचं असतं, आणि कात्री पहिली लागते ती आडदशावताराला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागाला. सूत्रधार, गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, मोरावरची शारदा, मग वेद पळवणारा काळ्या वेशातला संकासूर: हा भाग दहा मिनिटांत गुंडाळला की अर्धी गंमत गेलीच. संकासुराची मालवणी टोलेबाजी त्या त्या गावातल्या घडामोडींवर बेतलेली असते, ती घाईत रंगत नाही. शिवाय संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कोण कोणतं पात्र करणार ते ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर. समोरून दाद आली की राजा आणि राक्षस यांची जुगलबंदी वाढत जाते. खुर्च्यांत रेलून बसलेल्या प्रेक्षकांसमोर ती लवकर आटपते.

बिघडतं ते बहुधा ध्वनिक्षेपकामुळे. पखवाज, झांज आणि पायपेटी मंचाच्या कडेलाच असतात. वर टांगलेले माइक नटाच्या आवाजाआधी पखवाज उचलतात, त्यात नट युद्धनृत्यात गिरक्या घेत माइकपासून लांब गेला की शब्द ऐकूच येत नाहीत. म्हणून वादक ज्या बाजूला असतील त्याच्या विरुद्ध बाजूला, चौथ्या-पाचव्या रांगेत बसा. पहिल्या दोन रांगा पोरांच्या, आणि कर्णा तिथेच रोखलेला असतो. हल्ली धूर आणि रंगीत दिव्यांचे ‘ट्रिकसीन’ वाढलेत. ज्या खेळात एक बाकडं कधी सिंहासन होतं, कधी पर्वत, त्याला धुराची गरज काय, हे कळत नाही. स्त्रीपात्रं पुरुषच करतात; पदर सावरण्यापासून चालण्यापर्यंतची त्यांची कारागिरी बघायची तर प्रकाश साधाच बरा. रंगपटात डोकावायचं असेल तर विचारून जा. पेटाऱ्याला हात लावू नका, तो पूजेतला असतो.

दिवसा राजवाडा. दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवण्याचं काम बघायला मिळतं. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात हात दिला नसता तर ही कला बुडालीच होती. दशावतारी संचात १२० गोल पत्ते: दहा अवतार, प्रत्येकाचे राजा, वजीर आणि एक ते दहा. घेताना अवतारागणिक बारा पत्ते मोजा, कडेला लाखेचे पोपडे उडालेत का पाहा आणि एकाच अवताराचे तीन-चार पत्ते शेजारी ठेवून रेषेची जाडी ताडून बघा. रंगवणारा हात बदललेला लगेच कळतो. संच गाडीत उन्हात ठेवलात तर लाख मऊ होऊन पत्ते एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात मलमलीच्या कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवा.

चितारआळीतली लाकडी फळं मुलांसाठी छान, पण रंग ओल्या फडक्याने पुसून पाहिल्याशिवाय घेऊ नका. प्रयोग पहाटे सुटला तर रिक्षा मिळत नाही, ती आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा. स्टेशन शहरात नाही, मळगावला आहे.